नायलॉनचे जनक : डॉ. वॉलेस कॅरोदर्स

तमिळनाडूमध्ये कावेरी नदीच्या काठी कुंभकोणम हे मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले प्राचीन नगर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत तंजावरवर भोसले घराण्याची सत्ता होती आणि हा सारा परिसर मराठी राज्याचा भाग होता. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच नगरात गेले. त्यांचे वडील येथील एका कापडाच्या दुकानात हिशेबनीस होते. कुंभकोणम आणि कापड यांचे नाते असे जुने आहे. नगराजवळच तिरुभुवनम हे विणकरांचे गाव आहे. तेथील रेशमी साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तिरुभुवनमच्या हातमागाजवळ क्षणभर उभे राहिले, तरी विणकामाचे मर्म ध्यानात येते. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांतून धोट्याच्या साहाय्याने आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. वीण जितकी दाट हवी, तितके धागे बारीक असावे लागतात आणि एकमेकांजवळ बसावे लागतात. त्याचबरोबर मागाचे ठोके सोसण्याइतके ते बळकटही असावे लागतात. ताण्यातील एक धागा तुटला तरी विणकराला माग थांबवून गाठ मारावी लागते. बारीक आणि तरीही बळकट असा धागा हीच दाट कापडाची पहिली अट होय.

ही अट रेशीम उत्तम प्रकारे पूर्ण करते. रेशमाचा किडा स्वतःभोवती शेकडो मीटर लांबीचा अखंड तंतू गुंडाळतो. असा तंतू निर्माण करण्याचे रहस्य हजारो वर्षे निसर्गापाशीच होते. विसाव्या शतकात एका रसायनशास्त्रज्ञाने ते उलगडले आणि रेशमाहून बळकट धागा प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. त्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. वॉलेस ह्यूम कॅरोदर्स. त्यांना आयुष्य लाभले अवघे एकेचाळीस वर्षांचे. त्यांच्या धाग्याने जग व्यापले, पण ते पाहण्यासाठी ते हयात नव्हते.

बालपण आणि शिक्षण

वॉलेस कॅरोदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. चार भावंडांत ते थोरले होते. त्यांचे वडील आयरा कॅरोदर्स हे डे मॉइन शहरातील एका वाणिज्य महाविद्यालयात शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची होती. मुलाने लवकर कमावते व्हावे, या हेतूने वडिलांनी त्यांना आपल्याच महाविद्यालयात जमाखर्च आणि हिशेबलेखन शिकण्यास घातले. वॉलेस यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला; परंतु त्यांचे मन रसायनशास्त्रात होते.

१९१५ मध्ये ते मिझुरी राज्यातील टार्किओ या लहानशा महाविद्यालयात दाखल झाले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ते तेथे वाणिज्य विभागात साहाय्यकाचे काम करीत. रसायनशास्त्रात त्यांची प्रगती इतकी वेगाने झाली, की पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील प्राध्यापक दुसरीकडे गेल्यावर तो विषय शिकवण्याची जबाबदारी या विद्यार्थ्यावरच सोपवण्यात आली. स्वतः शिकत असतानाच ते सहाध्यायांना शिकवू लागले. १९२० मध्ये त्यांनी पदवी मिळवली. पुढे इलिनॉय विद्यापीठात प्रा. रॉजर अ‍ॅडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९२४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. १९२६ मध्ये हार्वर्ड या नामांकित विद्यापीठात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रवास यशाचा वाटावा असाच होता. परंतु तरुणपणापासूनच कॅरोदर्स यांना मधूनमधून तीव्र नैराश्याचे झटके येत. अशा वेळी त्यांना कशातच अर्थ वाटत नसे. स्वभावाने ते लाजाळू आणि मितभाषी होते. वर्गात व्याख्यान देणे त्यांना जड जाई. संगीत आणि वाचन यांची मात्र त्यांना मनापासून आवड होती.

विद्यापीठातून उद्योगाकडे

त्याच सुमारास अमेरिकेतील ड्युपॉन्ट या रसायन उद्योगाने एक वेगळा विचार केला. कारखान्यातील संशोधन बहुधा तात्काळ नफ्यासाठी केले जाते. ड्युपॉन्टचे रसायन संचालक चार्ल्स स्टाइन यांचे मत असे, की उद्योगानेही मूलभूत प्रश्नांचा शोध घ्यावा. त्यातून पुढे काय हाती लागेल याची चिंता आरंभीच करू नये. या कामासाठी त्यांनी कॅरोदर्स यांना बोलावले. कॅरोदर्स यांनी प्रथम नकार दिला. आपल्या मनाच्या आजाराचा त्रास उद्योगाच्या वातावरणात अधिक होईल, अशी भीती त्यांनी प्रांजळपणे कळवली. मात्र संशोधनाचे पूर्ण स्वातंत्र्य मिळेल अशी खात्री पटल्यावर १९२८ च्या आरंभी ते डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथील प्रयोगशाळेत रुजू झाले.

साखळीचे कोडे

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता : रबर, कापूस, रेशीम यांसारखे पदार्थ आतून कसे घडलेले असतात? जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये असे मांडले होते, की हे पदार्थ अतिशय लांब रेणूंचे बनलेले असतात. हजारो लहान घटक एकामागून एक जोडले जाऊन अशी लांब साखळी तयार होते. अशा पदार्थांना बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतात. अनेक विद्वानांना हे मान्य नव्हते. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, लहान रेणूंचे ते केवळ पुंजके असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

कॅरोदर्स वादात पडले नाहीत. अशी साखळी आपणच कडीकडीने जोडून दाखवायची, असे त्यांनी ठरवले. त्यांची कल्पना एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. मुले एकमेकांचे हात धरून रांग करतात. ज्या मुलाचा एकच हात मोकळा आहे, त्याच्यापाशी रांग संपते. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, तो दोन्ही बाजूंना हात देऊ शकतो आणि रांग वाढत जाते. कॅरोदर्स यांनी असेच दोन्ही टोकांना हात असलेले लहान रेणू निवडले. एका प्रकारच्या रेणूला दोन्ही टोकांस अम्लाचे गट, तर दुसऱ्याला दोन्ही टोकांस अल्कोहोलचे गट. हे एकमेकांना जोडले, की साखळी तयार होते आणि प्रत्येक जोडणीतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो.

परंतु एका मर्यादेनंतर साखळी वाढेना. त्याचे कारण कॅरोदर्स यांनी अचूक ओळखले. जोडणीतून बाहेर पडणारे पाणीच पुन्हा त्या जोडणीवर क्रिया करून तिला तोडत होते. हे पाणी तयार होताच काढून टाकले पाहिजे. त्यासाठी त्यांनी निर्वात अवस्थेत चालणारे एक खास ऊर्ध्वपातन यंत्र वापरले. पाणी निघून जाऊ लागले आणि साखळ्या पूर्वी कधी नव्हत्या इतक्या लांब झाल्या. लांब रेणूंविषयीची शंका आता उरली नाही.

१९३० चा एप्रिल महिना या प्रयोगशाळेसाठी फलदायी ठरला. प्रथम त्यांचे सहकारी आर्नल्ड कॉलिन्स यांच्या हाती रबरासारखा लवचीक पदार्थ आला. तो पुढे निओप्रीन या नावाने बाजारात आला. त्याच महिन्यात ज्युलियन हिल या सहकाऱ्याने नव्या यंत्रात तयार झालेल्या पॉलिएस्टरच्या वितळलेल्या गोळ्यात काचेची कांडी बुडवून वर उचलली. पाकाची तार निघावी तसा एक तंतू तिच्याबरोबर वर आला.

ताणातून आलेले बळ

हा तंतू थंड झाल्यावर ठिसूळ आणि दुधाळ दिसे. पण तो हाताने हळूहळू ओढला असता तुटला नाही. मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाला. ओढल्यानंतर तो रेशमासारखा चमकू लागला आणि पूर्वीपेक्षा बळकट झाला.

असे का झाले? न ओढलेल्या तंतूत लांब रेणू विस्कटलेल्या केसांसारखे वेडेवाकडे पडलेले असतात. तंतू ओढला, की विंचरलेल्या केसांप्रमाणे ते एकाच दिशेने सरळ होतात. शेजारशेजारी आलेले रेणू एकमेकांना धरून ठेवतात. मग तंतूवर येणारा भार एकट्यादुकट्या रेणूवर न पडता सर्वांवर वाटला जातो. बळकट कृत्रिम सुताचे सारे रहस्य या दोन गोष्टींत आहे : रेणूंची साखळी लांब असावी आणि तंतू ताणून त्या साखळ्या एका दिशेत आणाव्यात.

रहस्य उलगडले, तरी धागा अजून उपयोगाचा नव्हता. हे पहिले पॉलिएस्टर अगदी कमी तापमानाला वितळत असे. गरम पाण्यात धुता येत नाही, इस्त्री सोसत नाही, अशा सुताचे कापड कोण घेणार? कॅरोदर्स यांनी तो विषय बाजूला ठेवला आणि दुसरे संशोधन हाती घेतले.

नायलॉनचा जन्म

या काळात एल्मर बोल्टन हे रसायन संचालक झाले होते. जागतिक मंदीमुळे कंपनीला उपयुक्त फळ हवे होते. बोल्टन यांच्या आग्रहाने १९३४ मध्ये कॅरोदर्स पुन्हा तंतूकडे वळले. या वेळी त्यांनी अल्कोहोलऐवजी अमाइन हा गट वापरला. अम्ल आणि अमाइन यांच्या जोडणीला अमाइड बंध म्हणतात. रेशमाचा किडा प्रथिनांची जी साखळी घडवतो, तिच्यातही हाच बंध असतो. तिरुभुवनमच्या मागावरील रेशीम आणि विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेतील नवा तंतू यांत हे रासायनिक साम्य आहे. हा बंध असलेल्या साखळ्या एकमेकींना अधिक घट्ट धरतात. त्यामुळे तंतू बळकट होतो आणि सहजासहजी वितळत नाही.

२४ मे १९३४ रोजी डोनाल्ड कॉफमन या सहकाऱ्याने अशा पदार्थाचा पहिला चांगला तंतू काढला. त्यानंतर निरनिराळ्या घटकांच्या अनेक जोड्या तपासण्यात आल्या. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बर्शे यांनी जो पदार्थ तयार केला, त्याच्या दोन्ही घटकांत कार्बनचे प्रत्येकी सहा अणू होते. म्हणून त्याला सहा-सहा असे म्हटले गेले. कॅरोदर्स यांचा कल दुसऱ्या एका पदार्थाकडे होता. त्याचा एक घटक एरंडेल तेलापासून मिळत असे. पण एवढे एरंडेल तेल कोठून आणणार? सहा-सहाचे दोन्ही घटक दगडी कोळशापासून मिळणाऱ्या बेंझीनपासून तयार करता येत होते आणि त्याचा वितळणबिंदू सुमारे २६५ अंश सेल्सिअस होता. म्हणून बोल्टन यांनी त्याची निवड केली. हाच पदार्थ पुढे नायलॉन या नावाने ओळखला गेला.

मनातील अंधार

कॅरोदर्स यांच्या कार्याची कीर्ती सर्वत्र पसरत होती. १९३६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत ड्युपॉन्टमध्येच काम करणाऱ्या हेलन स्वीटमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मात्र त्यांच्या मनाचा आजार बळावत चालला होता. आपल्याला नवे काही सुचत नाही, आपल्या हातून काहीच झाले नाही, ही भावना त्यांना ग्रासून टाकत होती. सन्मान मिळाले, सहकाऱ्यांनी धीर दिला, तरी ती हटेना. त्यांना रुग्णालयात राहावे लागले. आज नैराश्य हा आजार मानला जातो आणि त्यावर परिणामकारक औषधे व उपचार उपलब्ध आहेत. त्या काळी मात्र वैद्यकाच्या हाती फारसे काही नव्हते. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इझोबेल हिचा मृत्यू झाला. हा आघात त्यांना सोसवला नाही.

९ एप्रिल १९३७ रोजी त्यांच्या नावाने कृत्रिम तंतूच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर वीस दिवसांनी, २९ एप्रिल १९३७ रोजी, फिलाडेल्फिया येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. एकेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या कन्येचा जन्म झाला. ज्या धाग्याने त्यांचे नाव अजरामर केले, त्याचे नायलॉन हे नावही त्यांनी कधी ऐकले नाही. ते पुढच्या वर्षी ठरले.

प्रयोगशाळेतून मागावर

२७ ऑक्टोबर १९३८ रोजी चार्ल्स स्टाइन यांनी नायलॉनची जाहीर घोषणा केली. १९३९ च्या अखेरीस डेलावेअर राज्यातील सीफर्ड येथील कारखान्यात सुताचे उत्पादन सुरू झाले. तेथील पद्धत आजही मुळात तशीच आहे. नायलॉनचे लहान तुकडे हवेचा संपर्क टाळून वितळवतात. तो दाट रस पंपाने सूक्ष्म छिद्रे असलेल्या धातूच्या चकतीतून दाबतात. प्रत्येक छिद्रातून एक अखंड तंतू बाहेर पडतो आणि थंड हवेत घट्ट होतो. असे अनेक तंतू एकत्र करून त्यांचे सूत होते. नंतर ते वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रुळांवरून नेतात. पुढचा रूळ मागच्यापेक्षा वेगाने फिरतो, त्यामुळे सूत सुमारे चौपट ताणले जाते. हिल यांनी हाताने केलेली क्रियाच येथे यंत्र करते.

१५ मे १९४० रोजी अमेरिकेत सर्वत्र नायलॉनचे पायमोजे विक्रीस आले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. पण या सुताची खरी कसोटी दाट कापडात लागली. हवाई छत्रीचे कापड वजनाला हलके हवे. छत्री उघडताना बसणारा हिसका त्याने सोसला पाहिजे आणि त्यातून हवाही मोजकीच आरपार गेली पाहिजे. त्यासाठी बारीक व बळकट सुताची दाट वीण लागते. पूर्वी हे कापड जपानी रेशमाचे असे. १९४१ मध्ये तो पुरवठा थांबला. १९४२ पासून अमेरिकेतील नायलॉन युद्धकार्यासाठी राखून ठेवण्यात आले. ६ जून १९४२ रोजी अ‍ॅडलाइन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या छत्रीने विमानातून यशस्वी उडी घेतली. पुढे विमानांचे टायर, दोर आणि तंबू यांतही हे सूत वापरले गेले.

वारसा

कॅरोदर्स यांनी घातलेल्या पायावर इतरांनी इमारत उभारली. त्यांनी सोडून दिलेल्या पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमधील जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी निराळे घटक वापरून यशस्वी केला. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले टेरिलीन ते हेच. कॅरोदर्स यांचे तरुण सहकारी पॉल फ्लोरी यांना बहुवारिकांवरील कार्यासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये ड्युपॉन्टमधील स्टेफनी क्वोलेक यांनी अमाइड बंध असलेल्या ताठ रेणूंपासून जो तंतू शोधला, त्यातून पुढे केव्हलार तयार झाले. त्याचे दाट विणलेले थर आज सैनिकांना गोळीपासून वाचवतात.

भारतातही हा धागा रुजला. मुंबईत गोरेगाव येथे निर्लॉनच्या कारखान्यात नायलॉनचे सूत तयार होत असे. आबासाहेब गरवारे (१९०३–१९९०) यांच्या उद्योगसमूहाने नायलॉन व इतर कृत्रिम सूत, दोर आणि मासेमारीची जाळी यांचे उत्पादन महाराष्ट्रात वाढवले. कोकणातील कोळी बांधव पूर्वी सुती आणि तागाची जाळी वापरत. ती पाण्याने कुजत. वरचेवर वाळवावी आणि दुरुस्त करावी लागत. नव्या जाळ्यांनी हे कष्ट कमी केले.

या धाग्याची दुसरी बाजूही आहे. जे कुजत नाही, ते टाकून दिल्यावरही नष्ट होत नाही. समुद्रात हरवलेल्या जाळ्यांत आजही मासे आणि कासवे अडकून मरतात. स्वस्त कृत्रिम साड्यांमुळे अनेक ठिकाणच्या हातमाग विणकरांचा बाजार आक्रसला. धागा बळकट करणे माणसाला साधले. त्याचा वापर शहाणपणाने करणे ही आपली जबाबदारी आहे.

कॅरोदर्स यांनी लहान घटक संयमाने एकमेकांना जोडले आणि त्यातून बळ कसे निर्माण होते, हे जगाला दाखवले. स्वतःच्या कामाचे मोल मात्र त्यांना दिसले नाही. आजाराने त्यांची दृष्टी झाकोळली होती. खचलेल्या मनाला स्वतःविषयी जे वाटते, ते नेहमीच खरे नसते. अशा वेळी माणसाने एकटे न राहता आपल्या माणसांचा आणि वैद्यांचा हात धरावा. एकटा तंतू जो ताण सोसू शकत नाही, तो अनेक तंतूंचे सूत सहज सोसते.